दोन घरचे गुडघे

प्रयोगशाळेत मला सगळे 'आज्जी' म्हणतात. लेकीला मुलगा झाला तेव्हापासून हे नाव पडलं, आणि त्या नातवाला मी अजून हातातसुद्धा घेतलेलं नाही. लेक राहते लांब, विमानाने जावं लागतं. ती बाळंत झाली तेव्हा माझे उंदीर टेबलावर होते. "उंदीर संपले की येते ग," असं इतक्यांदा सांगितलंय, की आता ती बाळाऐवजी उंदरांचीच खुशाली विचारते. चेष्टेने विचारते, पण लागतं.

काम म्हणायचं तर असं. उंदराच्या गुडघ्यातली, सांधा बांधून ठेवणारी एक बारीकशी दोरी मी सूक्ष्मदर्शकाखाली कापते. मग सांधा डळमळतो आणि हाडांच्या टोकांवरची गादी, म्हणजे कूर्चा, झिजायला लागते. माणसांची म्हातारपणी झिजते तशीच. निम्म्या उंदरांना आमच्या सरांचं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. शेवटी गुडघे दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत पाठवायचे. तिथल्या मॅडम त्यांचे पातळ काप काढून काचेवर घेतात आणि रंगवतात. शाबूत कूर्चा लालभडक दिसते, झिजलेली फिकी. मॅडमना आम्ही पाठीमागे काचवाली म्हणतो. तोंडावर मात्र "तुम्हाला त्रास तर नाही ना?" आणि त्यांचं, "छे हो, तुम्हीच केवढं करता!" तीन वर्षं हाच पाहुणचार.

परवा सकाळी शेवटची बैठक होती, दोन्हीकडचे पडद्यावर समोरासमोर. औषध दिलेले गुडघे फिके, न दिलेलेही फिके. सर म्हणाले, "चला, औषध काही चालत नाही. तसं लिहून टाकू आणि सुटू." दमलो होतो सगळेच. मला तर, खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. शनिवारचं तिकीट काढलेलं होतं, बॅगेत झबली भरून ठेवली होती.

तेवढ्यात मॅडमनी शेवटचा काप दाखवला. ज्याला मी हातही लावला नव्हता, अशा धडधाकट उंदराचा गुडघा. तोही पांढराफटक! बघून न बघितल्यासारखं करावं, असं मनात आलं. जरा गप्प बसले असते तर संपलं होतं. पण जित्याची खोड जाते कुठे!

"मॅडम, याला काय धाड भरली?" माझ्या तोंडून गेलंच.

"रंग कमी पडला असेल," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडची हाडं मुळातच नाजूक हो. सुरी लोण्यात जावी तशी जाते. गुणी उंदीर आहेत तुमचे."

"गुणी कसले! मी मऊ करून पाठवते ना."

पडद्यावर त्या हलेनाशा झाल्या. मला वाटलं, नेट गेलं.

"तुम्ही मऊ करून पाठवता?"

"हो, आम्लात ठेवून. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"अहो, मीही ठेवते की! म्हटलं, तुमच्यावर आणखी भार कशाला."

हाड आम्लात मुरवल्याशिवाय सुरीला दाद देत नाही. पण फाजील मुरलं, की कूर्चेत जे रंग धरतं तेच धुऊन जातं. आमचे गुडघे दोन्हीकडे मुरले होते. एकीने एकदा विचारलं असतं तर भागलं असतं. पण विचारलं तर समोरचीला राग येईल, असं दोघींनाही वाटत राहिलं. दोन घरचा पाहुणा उपाशी, असं ऐकलं होतं. आमचा अजीर्णाने मेला. मी हे बोलूनही दाखवलं, पण कोणी हसलं नाही.

सर कपाळ चोळत बसले. "म्हणजे औषध चालतं की नाही, हेच आपल्याला माहीत नाही. गुडघे शिल्लक आहेत?"

"एकही नाही," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. उंदरांची नवी खेप नेमक्या वयात आली होती. आठवडाभर थांबलं तरी वाया. आणि ती दोरी न थरथरता कापणारे हात इथे आता माझेच उरलेत. शिकवलेली पोरं चांगल्या नोकऱ्यांवर गेली. म्हणजे शनिवारचं जाणं पुन्हा काही महिने पुढे.

"आज्जी, तुमच्यावर जबरदस्ती नाही," सर म्हणाले. असं म्हटलं की झालीच जबरदस्ती.

संताप आला मला. सरांचा, काचवालीचा, आमच्या मेल्या सभ्यपणाचा. पण नाही म्हणवेना. औषध चालत नाही असं एकदा छापून आलं, की पुन्हा कोणी त्या वाटेला फिरकत नाही. आणि चालत असलं तर? "करते," मी म्हटलं. "पण या खेपेला एकदाच मुरवायचं, मॅडम. विचारून."

"विचारीन हो," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "जीव नकोसा होईल इतकं विचारीन."

दुपारी जिन्याशी उभं राहून लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"कालपासून तो बसायला लागलाय," ती म्हणाली.

"हो का ग?"

"हो. आता रांगेल, मग धरून धरून चालेल. तू ये सावकाश, आई. तोच उघडेल तुला दार."

"टोमणा मारतेस का ग?"

"हो," ती म्हणाली, आणि रडायला लागली.