कानबाईची वाट आणि मी

मी एक जुना टॅब आहे. काचेला तडा गेलाय, अक्कल शाबूत आहे. कारखान्यातून निघालो तो थेट पिंप्राळ्याच्या दीपमालाताईंच्या पिशवीत आलो. नदीकाठी पुन्हा जंगल उभं करणाऱ्या संस्थेत त्या काम करतात. जमिनीचा उतार, माती, पुराची रेघ, सगळं माझ्या नकाशावर एकावर एक चढतं आणि झाडं जगतील ती जागा हिरवी दिसते. माझं फार कौतुक व्हायचं. मलाही माज चढला होता.

मित्रांनो, शिंदखेड्याजवळ बुराई नदीच्या काठचा एक तुकडा मी हिरवागार दाखवला. ताईंच्या साहेबांनी, तेजस सरांनी, ऑफिसात बसूनच त्यावर बोट ठेवलं. करंज, अर्जुन, जांभूळ, पाचशे रोपं लागली. श्रावणात निम्मी तुडवली गेली. सर म्हणाले, "गावच बेफिकीर. नाव काढून टाका यादीतून."

ताईंनी एक दिवस मागून घेतला आणि गाव गाठलं. काठावर गवत कापणाऱ्या कुंदाबाईंनी विळा तिथेच ठेवला.

"तुना नकाशामा कानबाईनी वाट शे का?"

"नाही, अक्का."

"मंग तो आंधया शे! बठ्ठं गाव नाचत जास विसर्जनले. देवी काय उडीसन जाई?"

कानबाई ही खानदेशाची देवी. श्रावणात एक रात्र घरी बसते, सकाळी बायांच्या डोक्यावरून नदीवर निघते. वर्षातून एकदाच चालायची वाट आकाशातून दिसत नाही. गावात येऊन विचारायचं होतं. कोणी आलंच नाही!

"वाट दाखवता का?" म्हणत ताईंनी मला पुढे केलं. कुंदाबाईंनी मला उचलून डोक्यावरच घेतलं.

"अहो, हातात धरा!" ताई म्हणाल्या.

"देवीले कोनी हातमा लई जास का?"

त्या चालल्या, मी पावलागणिक रेघ ओढली. बाया फुगड्या खेळतात ती जागाही टिपली.

नव्या नकाशात वाट मोकळी राहिली, रोपं दोन्ही बाजूंना सरकली. सरांनी तो बघून सही केली. गावाचं नाव यादीत राहिलं. खड्डे गावच्या बायांनीच खणले. यंदा कानबाई मधून वाजतगाजत गेली, एक फांदी मोडली नाही.

आता नवे टॅब आलेत. मी कपाटात कोंबलेला, बॅटरी मरत चाललीय. मित्रांनो, जुन्या यंत्राला महिन्यातून एकदा तरी चार्ज करा. आणि नकाशा काढण्याआधी तिथल्या माणसांना विचारा. तेवढंही जमत नसेल, तर झाडं लावूच नका. रोपवाटिकेत तरी ती सुखाने जगतील.