पंडुमाआधीची चार

दिव्याला मोठ्यानं वाचल्याशिवाय पाठ होत नसे, आणि तिच्या बापाला, लालसूला, मधे तोंड घातल्याशिवाय राहवत नसे. परीक्षेआधीच्या सुटीत गडचिरोलीहून घरी आलेली ही पोरगी अंगणातल्या बाजेवर बसून बी.ए.च्या पहिल्या वर्षाचं अर्थशास्त्र घोकायची. म्हातारा खाली दोर वळत बसायचा.

"वस्तूची किंमत वाढली की पुरवठा वाढतो, इतर परिस्थिती स्थिर असताना," दिव्या वाचायची.

"इतर म्हंजे कोणती वं?"

"म्हंजे बाकीचं सगळं हाये तसंच राह्यलं तर, बाबा."

"बाकीचं कवा हाये तसं राह्यते?" लालसू हसायचा. "मजा हाये तुया पुस्तकाची!"

"तू परीक्षेले बस ना माह्या जागी," दिव्या म्हणायची, आणि बापलेक दोघंही हसायचे. पण त्या उन्हाळ्यात लालसूचं हसू तोंडापुरतंच होतं. आतून तो पार पोखरला होता.

लालसू गावचा गायता. गायता म्हणजे गावाच्या वतीनं देवाचं करणारा. जंगलातलं नवं फळ आधी देवाला, मग माणसाला, हा गोंडांचा रिवाज, आणि त्या सणाला पंडुम म्हणतात. चारीचा पंडुम झाल्याशिवाय चारीच्या झाडाला कुणी हात लावायचा नाही. लेकरू रडून रडून आडवं झालं तरी नाही. चार म्हणजे तीच हो, जिच्या बियांतून चारोळी निघते, तुम्ही बासुंदीवर घालता ती. फळ काळं पडलं, अंगठ्यानं दाबल्यावर साल सुटली, की लालसू पंडुमाचा दिवस सांगायचा आणि गाव टोपल्या घेऊन निघायचं. त्याचा बाप असाच सांगायचा, आजाही असाच. पोलीस नाही, दंड नाही. नुसता शब्द, आणि तो आजवर कुणी मोडला नव्हता. लालसूला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

आदल्या वर्षी नदीपलीकडच्या गावानं पंडुमाची वाट न पाहता चार तोडली आणि पहिल्याच बाजाराला नेली. त्यांना भाव मिळाला तो डोळे दिपवणारा. लालसूचं गाव मात्र थांबलं. त्याचा मुलगा सुनिल तर काठी घेऊन झाडांखाली राखणीला बसला होता, पलीकडच्या दोघांशी हाणामारीवर आला होता. "माह्या बापाचा शब्द हाये!" असं ओरडलेला त्याचा आवाज अर्ध्या गावानं ऐकला होता. पुढं या गावाचा माल बाजारात गेला तेव्हा भाव पार झोपला होता.

वडशाहून येणारा फारूकभाई बिया घ्यायचा. माणूस सरळ. लालसूनं विचारलं तेव्हा त्यानं हात जोडले. "लालसूभाऊ, पयल्या बाजाराले माल कम, घेणारे जादा. आता चौफेर पोते आले. भाव मी नाई ठरवत. नागपूरवाला जे बोलते तेच मी बोलतो."

गावात कुजबुज सुरू झाली ती तिथून. गायत्याच्या पायी आपण मागं राहिलो, असं बायका पाण्यावर बोलायच्या.

आणि या वर्षी चारीला हिरवे घोस लागले न लागले तोच सोमाजी चार माणसं घेऊन अंगणात आला. सोमाजी लालसूच्या बरोबरीचा, लहानपणचा सोबती. तो खाली बघत बोलला. "भाऊ, औंदा पंडुम लवकर कर. पोरं आयकत नाई आता. तू नाई म्हटलं तरी जातील, मंग तुया शब्दाले काय राह्यलं?"

हा धाक नव्हता, कळवळा होता, म्हणूनच तो लालसूला जास्त लागला.

ती माणसं गेल्यावर त्यानं दिव्याला हाक मारली. "तुया पुस्तकात यावर काही हाये का वं?"

दिव्यानं पानं चाळली. "संधी खर्च म्हणून हाये, बाबा. एक धरलं की दुसरं सोडा लागते. जे सोडलं, तो त्याचा खर्च."

"थांबलो तर भाव सुटते. नाई थांबलो तर?"

"पिकलेलं फळ सुटते."

"अन् आणखी?"

दिव्यानं पान उलटलं, पुन्हा मागं आणलं. "आणखी काही नाई लिवलं," ती म्हणाली, आणि तिला एकदम रडूच आलं. का आलं ते तिलाही धड सांगता आलं नसतं.

लालसूनं मनाशी हिशेब मांडला. शब्द मोडण्यापेक्षा वाकवलेला बरा. दिवस अलीकडे घेतला तर निदान सांगणारा गायता आणि ऐकणारं गाव, एवढं तरी उरेल. त्यानं दिवस सांगितला. देवापुढं त्यानं ठेवलेली चार हिरवीगार होती, गोटीसारखी टणक. अंगठ्यानं दाबली तर अंगठाच दुखला. त्यानं देवाची माफी मागितली, पण मागं उभ्या असलेल्यांचं लक्ष देवाकडे नव्हतं. त्यांचं लक्ष झाडांकडे होतं.

पूजा उरकायच्या आत लोक धावले. पिकलेली चार एकेक घोस बघून वेचतात. हिरवीला कोण बघत बसतो? मी नाही घेतली तर शेजारी घेईल, मग फांदीच मोडून खाली आणा. अरे, काय तो धिंगाणा! दिवस मावळेपर्यंत झाडं ओरबाडून निघाली. सुनिल तेवढा बापाजवळ उभा होता, हात न उचलता, आणि त्याची बायको रंजीता रिकामी टोपली घेऊन त्याच्याकडे बघत होती.

बाजारात फारूकभाईनं एक बी दगडानं फोडली. आत पांढरी पातळ साल, बस. "भाऊ, याच्यात चारोळी कुठी हाये?" तो हळूच म्हणाला. त्यानं माल घेतला, पण ज्या भावानं घेतला तो सांगायलाही लाज वाटावी. पलीकडचं गाव तर याहूनही आधी येऊन गेलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मोडक्या झाडांवर फळ तुरळक होतं. लालसूनं मनाशी पक्कं केलं होतं की औंदा काळी पडेपर्यंत थांबायचं. सोमाजीला सांगायचं, घरोघर जाऊन पाया पडायचं, पण थांबवायचं. चुकलो, म्हणायचं. तो रोज सकाळी अंगणात बसायचा. दिवस विचारायला कुणीतरी येईलच.

कुणी आलं नाही.

एका सकाळी तो स्वतःच झाडं बघायला गेला. सगळी बोडकी. खाली पानांचा खच, ताज्या मोडलेल्या फांद्या. त्याला राग आला नाही. राग यायला समोर कुणीतरी लागतं. तो काठी टेकत घरी आला आणि पाणी प्यायला थेट आत गेला.

आत कणगीमागं सुनिल वाकून टोपलीवर ओलं पोतं टाकत होता. पोत्याखालून हिरवी चार दिसत होती. दाराशी दिव्या उभी होती. तिनं मान खाली घातली.

"बाबा," सुनिल म्हणाला. "सगळ्यायनं तोडली. मी एकटाच काठी घेऊन किती दिवस बसू? आपल्याच घरात काही नसतं आलं."

सुनिलचे हात चिकानं काळे झाले होते आणि तो ते पाठीमागं लपवत होता, चांगला मिशा फुटलेला, लेकराबाळांचा बाप. गावात सगळ्यांनी चार उघड्यावर वाळत टाकली होती. लालसू ती ओलांडूनच घरी आला होता. त्याच्यापासून लपवावी असं अजूनही एकाच माणसाला वाटलं होतं. म्हाताऱ्याचा ऊर भरून आला, आणि त्याच क्षणी त्याला कळून चुकलं की आता गायता म्हणून बोलण्यासारखं त्याच्यापाशी काहीच उरलं नाही.

तो भिंतीला धरून हळूहळू खाली बसला.

"झाकून नको ठेवू," तो म्हणाला. "बुरशी धरंल. बाहेर काढ, उन्हात टाक."

सुनिल जागचा हलला नाही.

"टाक ना, बाबू. काऊन उभा हायेस?"