बाहेरचं दार

“मग हा टॉवेल कुणासाठी?” नगरपरिषदेच्या ज्योत्स्ना मॅडमनी विचारलं.

पलंगावर धुतलेली चादर, उशाशी भरलेला तांब्या, पायथ्याशी घडी घातलेला टॉवेल. लोणावळ्यात अशी खोली पाहिली की कुणीही म्हणेल, शनिवार-रविवारचं गिऱ्हाईक यायचंय. पाहणीला आलेल्या माणसानेही तेच लिहून नेलं होतं : स्वतंत्र दार, एक खोली, पर्यटकांना भाड्याने. घरपट्टी दुपटीवर गेली. यशोधराने हरकत घेतली, म्हणून आज मॅडम खात्री करायला आल्या होत्या.

“कुटलं आलंय गिऱ्हाईक!” साक्षीला आलेल्या शेजारच्या झुंबरबाई म्हणाल्या. “गोरखभाऊची खोली हाय ती. हिच्या बापाची. रेल्वेत पाइंटमन व्हता. ड्यूटीवरनं कवा बी यायचा. पोरीची झोप मोडाया नको म्हून भिंत फोडून ह्ये दार काडलं.”

“मावशी, यांना बोलू द्या.”

“ती काय बोलतीय! बाप गेल्यापून तोंड शिवल्यागत झालंय.”

मॅडमनी कागदावर पेन टेकवलं. “सध्या इथे कोण राहतं? तुमच्या तोंडून लिहून घ्यावं लागेल.”

आबांना जाऊन सात महिने झाले होते. यशोधरा रोज सकाळी तांब्यातलं पाणी बदलत होती. आल्यागेल्याला ती ‘आबांची खोली’ एवढंच सांगे. त्यापुढचं कुणी विचारलं नव्हतं.

“कुणी नाही,” ती म्हणाली.

मॅडमनी लिहिलं, खाली तिची सही घेतली. पायरी उतरताना त्या थांबल्या. “होईल तुमचं काम. फक्त हे दार आतून लावून घ्या. नाहीतर पुढच्या पाहणीला पुन्हा कुणीतरी तसंच लिहील.”

“च्या टाकते, ये गं,” म्हणत झुंबरबाईही गेल्या.

ते दार नुसतं ओढून घ्यायचं, अशी घराची रीत होती. आबा निवृत्त झाले तरी ती मोडली नाही. आतली कडी कुणी कधी लावलीच नव्हती. यशोधराने जोर लावला. कडी हलेना. गंजली होती.

तिने स्वयंपाकघरातून खोबरेल आणलं, चार थेंब सोडले आणि तेल मुरेपर्यंत पलंगाच्या कडेला बसली. तेवढ्यात स्टेशनात पुण्याची लोकल शिरल्याचा आवाज आला. ती उठली, पण हात कडीवर ठेवून थांबली. स्टेशनापासून घरापर्यंत चालत यायला आबांना जेवढा वेळ लागे, तेवढा तिने जाऊ दिला.

मग कडी सरकवली.