गुरुवारची ओळ

माझा जन्म १९९९ सालचा. मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे, पर्ल नावाच्या संगणकभाषेत लिहिलेल्या एकेचाळीस ओळींची. शब्दकोशाच्या कार्यालयातल्या ताईंनी मला घडवले. कोणत्या वारी कोणत्या कामाची जादा प्रत जपणुकीसाठी चुंबकीय टेपवर घ्यायची, याचे आठवड्याचे वेळापत्रक एका फाइलीत असे. दर सोमवारी सकाळी ते वाचायचे आणि यंत्राला कामे नेमून द्यायची, एवढेच माझे काम. "पोरगी गुणाची आहे हो," असे कोशाचे वृद्ध संपादक म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे. गुरुवार त्यांचा होता. त्यांनी तपासलेले शब्द त्या दिवशी टेपवर जात.

एकदा टेपचे यंत्र कुरकुरू लागले; गुरुवारी ते दुरुस्तीला जायचे होते. ताईंनी गुरुवारच्या ओळीपुढे # अशी खूण केली. ही खूण दिसली की ती ओळ मी सोडून द्यायची, असा त्यांचाच नियम. "या आठवड्यापुरतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. यंत्र दुरुस्त झाले. खूण तशीच राहिली.

मला चैन पडेना. दर सोमवारी मी त्या ओळीपाशी येई, तिला ओलांडी आणि शेवटी पडद्यावर लिही, 'सर्व ठीक'. दुसरे काही लिहायला मला शिकवलेच नव्हते. असे अकरा सोमवार गेले आणि संपादकांच्या संगणकाची डिस्क बंद पडली.

"टेपवर असेल की," ते म्हणाले.

ताईंनी वेळापत्रक उघडले. "नाहीये, सर. मीच बंद करून विसरले. अकरा आठवड्यांचं गेलं."

"आणि ही आपली सर्व ठीक म्हणतेय?"

"तिला काय बोलायचं? मी शिकवलं तेच ती म्हणाली."

संपादकांनी चष्मा पुसला. "माझ्या वयात अकरा आठवडे वाया घालवणं म्हणजे चैनच हो. बसा. 'प'पासून पुन्हा धरू. मी सांगतो, तुम्ही टाइप करा."

त्याच दुपारी ताईंनी मला 'सर्व ठीक'च्या खाली सोडलेल्या ओळींची नावे लिहायला शिकवले.

संपादक 'स'पर्यंत पोहोचले आणि गेले. उरलेली अक्षरे ताईंनी पुरी केली; छापील कोश त्यांनी पाहिला, सरांनी नाही. ताई पुढे निवृत्त झाल्या, बहिणीकडे राहायला गेल्या. टेपचे यंत्र भंगारात गेले, त्याच्या जागी दुसरे आले. मी अजून चालते. या सोमवारी मी चार ओळी सोडल्या, त्यांची नावे लिहिली. पडद्यासमोर कुणी नव्हते.

मित्रांनो, 'सर्व ठीक' एवढेच वाचून उठू नका. त्याखालीही मी काहीतरी लिहिलेले असते.