दहावी बोअर

ऑस्ट्रेलियातल्या गिलाँग शहराच्या उत्तर टोकाला एक जुना तेलडेपो होता. बंद पडून वीस वर्षं झालेली. आता तिथे पाळणाघर बांधायचं ठरलं, म्हणून माती तपासायला मी माझं बोअरचं यंत्र घेऊन गेलो. नमुने घ्यायला माती तपासणाऱ्या कंपनीची तेउइला फालेओलो होती. आईबाप सामोआचे, ही वाढलेली इथेच, कामाला चोख. आणि आमच्या डोक्यावर बिल्डरचा माणूस, ब्रेट लाँगमायर.

ब्रेटने नकाशावर नऊ खुणा करून दिल्या होत्या. नऊच्या नऊ पूर्वेकडच्या गवतात.

आठ बोअर झाल्या. माती स्वच्छ. तेवढ्यात पश्चिमेच्या कुंपणापलीकडून एक म्हातारी ओरडली, "अरे, तिकडे काय उकरताय? तिकडे ट्रक उभे राहायचे! टाक्या इकडे आहेत, या काँक्रीटखाली!"

ती डल्सी हार्कनेस, वय एक्क्याऐंशी. तिचा नवरा मर्व्ह डेपोत सव्वीस वर्षं कामाला होता. रोज सकाळी टाकीत काठी बुडवून तेल मोजायचा.

"एका टाकीत रोज तेल कमी भरायचं," ती म्हणाली. "त्यानं साहेबाला तीनदा सांगितलं. साहेब म्हणाला, तुला मोजता येत नाही."

ब्रेट हसला. "आजी, टाक्या केव्हाच काढल्या. उन्हात उभ्या राहू नका, घरी जाऊन चहा घ्या."

"चहा घेईन रे. पण न्हाणीघरात पेट्रोलचा वास येतो, त्याचं काय करू? तोही पिऊ?"

तेउइलाने विचारलं, "ब्रेट, टाक्या काढल्याचा कागद आहे?"

"कागद तपासायला तुला नेमलेलं नाही. नऊ बोअर मारा आणि निघा."

नववी मारली. मग तेउइला काँक्रीटवर जाऊन उभी राहिली. "रॉस, इथे एक मारशील?"

खालून वीज-पाण्याची लाइन जात नाही ना, ते आम्ही तपासलं. ब्रेट आडवा आला. मी म्हणालो, "बाजूला हो बाबा, पाय अडकेल."

दोन मीटरवर माती निळसर-राखाडी झाली आणि असा भपकारा आला की माझे डोळे झोंबले. तेउइलाच्या हातातलं वायू मोजायचं यंत्र केकाटायला लागलं. खाली साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग होता. ब्रेट नाकाला बाही लावून मागे सरला. तेउइला मात्र गुडघ्यांवर बसून एकेक बरणी भरत, चिठ्ठ्या लावत राहिली.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. 

"रॉस, अहवालात नऊच बोअर आहेत! 'जागा पाळणाघरास योग्य' म्हणे. आणि खाली माझं नाव! पोरं रांगणार त्या मातीत, तेही माझ्या नावावर?"

तिच्या साहेबाचं म्हणणं, दहावी करारात नव्हती, तेव्हा दाखवायची गरज नाही. माझं डोकंच फिरलं. विष सापडलं ते करारात नव्हतं म्हणून सापडलंच नाही?

बोअर मारणाऱ्याला प्रत्येक भोकाची खोली, रंग, वास लिहून ठेवावा लागतो. माझी वही होती. प्रयोगशाळेचे आकडे तेउइलाकडे होते. नोकरी जाणार हे तिला ठाऊक होतं. तरी नगरपरिषदेच्या सभेला डल्सीला घेऊन आम्ही तिघं गेलो.

ब्रेट म्हणाला, "एका वृद्ध बाईच्या आठवणींवर—"

"वृद्ध आहे, बहिरी नाही," डल्सी उठून म्हणाली. "आणि माती तर माझ्याहून म्हातारी. तिला विचारा."

सभेत आकडे वाचले गेले आणि काम थांबलं. सरकारी हुकमाने खोदलं तेव्हा तीन टाक्या जागच्या जागी निघाल्या. एकीला मूठ जाईल एवढं भोक. डल्सीच्या घरातली हवाही तपासली. तिला घर सोडायला सांगितलं.

तेउइलाची नोकरी गेली. आठ महिने तिला कुणी दारात उभं केलं नाही. ब्रेट आजही तिथेच कामाला आहे. बिल्डरने पत्रक काढलं, 'जुन्या नोंदींमधली चूक'. चूक!

डल्सी कोलॅकला बहिणीकडे निघाली, त्या दिवशी तिचं कपाट मी आणि तेउइलाने उचललं. त्रेपन्न वर्षांचं घर. ती फाटकाशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती.

"बिल्डरकडचं कुणी येणार होतं का गं, चुकलं म्हणायला?" तिनं विचारलं.

"नाही, डल्सी," तेउइला म्हणाली.

कुणी आलंच नाही.