एकूण साडेएकवीस किलो

वीस दिवस, तीन देश, चार सॅक आणि एकही सूटकेस नाही, ही कल्पना नवऱ्याची. ती त्याने जेवताना जाहीर केली. त्याची मोठी बहीण समोर बसली होती. ताई आमच्याच इमारतीत आठव्या मजल्यावर राहतात आणि मुख्याध्यापिका आहेत, त्यामुळे समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीचा निकाल लावल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही.

"पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरायला तुम्ही काय गोगलगायी आहात?" त्या म्हणाल्या. "माझ्याबरोबर चला. चव्वेचाळीस माणसं, वातानुकूलित बस, सगळ्यांना सारख्या टोप्या."

"केशरी?" मुलीने विचारलं. ती तेरा वर्षांची आहे. घरात तिला वकील म्हणतात.

"पोपटी. हरवलात तर लांबून दिसता."

वकिलाचा चेहरा पडला. माझाही पडला असावा, पण माझ्या चेहऱ्याकडे सहसा कुणी बघत नाही. मी वजनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दुकानातल्या काट्याची वजनं ज्या वजनांशी ताडून बघतात, त्यांचं वजन आम्ही करतो. खोलीचं तापमान वीस अंश. तिथे मोठ्याने बोलायचं नाही, आणि शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचं. सतरा वर्षं मी अशी श्वास जपून घेतेय. घरच्या सहली म्हणजे आणखी सतरा वर्षं हमाली. मुलं "आई, हे धर" म्हणतात, नवरा तेही न म्हणता धरायला देतो. या प्रवासात ज्याचं ओझं त्याच्या पाठीवर असणार होतं. मला जायचं होतं ते फक्त एवढ्यासाठी. ते तीन देश कोणते, हे मी नीट वाचलंही नव्हतं.

शेवटी ताईंनी परीक्षा ठरवली. येत्या रविवारी सॅक पाठीला लावून तळमजल्यापासून त्यांच्या दारापर्यंत तीन फेऱ्या. लिफ्ट नाही. कुणाचीही सॅक मध्येच जमिनीला टेकली, तर चौघेही पोपटी टोप्यांत.

वजनाचा नियम मी केला: प्रत्येकाने स्वतःच्या वजनाचा दहावा हिस्सा उचलायचा. सोमवारी चारही सॅक भरून काट्याला लटकवल्या आणि आकडे कागदावर लिहून फ्रिजवर लावले. नवरा आठ किलो सहाशे, मी पाच आठशे, वकील चार चारशे, आणि नऊ वर्षांचा भंगारवाला दोन सातशे. भंगारवाला म्हणजे आमचा मुलगा. रस्त्यात दिसलेला खिळा त्याला एकटा वाटतो, म्हणून तो त्याला घरी आणतो. एकूण साडेएकवीस किलो.

मंगळवारी मी माझी सॅक पुन्हा लटकवली. कारण काही नव्हतं, सवय. सहा नऊशे.

काटा बिघडला असेल म्हणून दुसऱ्या काट्यावर बघितलं. सहा नऊशेच. मग घरात कुणी नसताना बाकीच्या तिन्ही सॅक तोलल्या. तिन्ही हलक्या झाल्या होत्या आणि बेरीज साडेएकवीसच होती. घरात नवं काही आलं नव्हतं, घरातून काही गेलं नव्हतं. वस्तुमान नाहीसं होत नाही, हे मी शाळेत शिकले होते. ते आईच्या पाठीवर जातं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

मी काही बोलले नाही. रोज आकडे मात्र वेगळ्या कागदावर लिहीत गेले. बुधवारी तळाशी नवऱ्याचा स्पीकर सापडला, गुरुवारी केस सरळ करायचं मशीन, शुक्रवारी मोज्यात गुंडाळलेली दाराची बिजागरी. तिघांना एकमेकांचं माहीत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की एवढ्याशाने आईला काय कळणार. शनिवारी माझी सॅक बारा नऊशे भरली. नवऱ्याची चार दोनशे.

रविवारी सकाळी ताई फ्रिजवरचा कागद काढून घेऊन खाली आल्या. नवऱ्याची आणि माझी सॅक एकसारखी होती, करड्या रंगाची. मी त्याची उचलून पाठीला लावली.

"अगं, ती माझी," तो म्हणाला.

"असू दे. सारख्याच तर आहेत."

"नाही, म्हणजे... तुझी तुला बरी पडेल."

"का? काय फरक आहे?"

ताईंनी कागदावर नजर फिरवली. "आठ सहाशे तिने उचललीये आणि तुझ्या वाट्याला पाच आठशे. वर तूच तक्रार करतोस? लाज वाटू दे जरा."

नवऱ्याने माझी सॅक उचलली. त्याच्या मानेची शीर मला मागून दिसली.

पहिल्या फेरीत तो शीळ घालत होता. दुसऱ्या फेरीत शीळ बंद झाली. तिसऱ्या फेरीत पाचव्या मजल्यावर त्याने कठडा पकडला आणि गुडघे वाकवले.

"बाबा, टेकवू नका!" भंगारवाला किंचाळला. "पोपटी टोपी!"

"अरे, प्राण जातोय माझा. हिने काय भरलंय यात?"

"मी माझे कपडे भरलेत," मी म्हणाले. "बाकीचं तुम्ही सांगा."

भंगारवाला खाली बघत म्हणाला, "माझी फक्त बिजागरी आहे. आणि थोडे नटबोल्ट. आणि कुलूप."

"माझं मशीन," वकील म्हणाली. "आणि शाम्पू. पण सॅक टेकवायची नाही असा नियम आहे. उघडायची नाही असं कुठे लिहिलंय?"

असं म्हणून तिने बापाच्या पाठीवरच चेन उघडली. दोघांनी आपापला माल काढून आपापल्या सॅकमध्ये कोंबला. नवरा ओणवा उभा होता, घाम नाकावरून पायरीवर ठिबकत होता. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"तू पण काहीतरी घे ना."

"त्यात माझं पाच आठशे आहे, तेवढं तू नेशील. उरलेलं चार चारशे तुझंच आहे."

वर पोहोचेपर्यंत तो हातपाय टेकत चढला, पण सॅक टेकली नाही. दारात खुर्ची टाकून ताई बसल्या होत्या.

"पाच आठशेला एवढा घाम?"

इथे तो खोटं बोलू शकला असता. गुडघ्याचं कारण तयार होतंच. पण तो म्हणाला, "ताई, मी माझं सामान हिच्या सॅकमध्ये सरकवलं होतं. पोरांनीही. रोज थोडं थोडं."

"म्हणजे कॉपी!" ताई खुर्चीतून उठल्या. "चौघेही नापास."

"ताई, बेरीज बघा," मी खिशातला कागद पुढे केला. सोमवार ते शनिवार, चार रकाने. "रोज साडेएकवीस. तेवढंच आज तीनदा वर आलं आणि एकदाही टेकलं नाही. तुमचा नियम तेवढाच होता."

ताईंनी लाल पेन काढलं आणि सहाही बेरजा पडताळल्या. चूक सापडली नाही याचं त्यांना खरंच वाईट वाटलं.

"काढा तिकिटं," त्या म्हणाल्या. "मरा तिकडे जाऊन."

नवरा जिन्यातच फतकल मारून बसला. "तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"मग बोलली का नाहीस?"

"एका दिवसाच्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही."

त्याने फोन काढला, चौघांची नावं भरली, पासपोर्टचे आकडे भरले आणि थांबला. "जादा सामान घ्यायचं का, असं विचारतंय."

तिघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि 'नाही' वर बोट दाबलं.