'इन' लागला की उलटं

कल्याणीबाईंच्या इंग्रजीच्या क्लासात एकच मंत्र चालायचा: 'इन' लागला की उलटं. व्हिजिबल म्हणजे दिसणारं, इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारं. संपला विषय. सदाशिव पेठेत जिने चढून येणाऱ्या पोरांकडून त्या हे घोकून घ्यायच्या आणि मग मुद्दाम चुकीचा अर्थ सांगून बघायच्या, वर शपथाही घ्यायच्या. कोणी "हो मॅडम" म्हटलं की मेलाच. "या, नंदीबैल आले," असं भर क्लासात ऐकून घ्यावं लागायचं. कधीच न फसलेला एकच, वाशीमचा समाधान. बाईंचा त्याच्यावर भारी जीव.

आज दुपारी समाधान आला नाही. त्याच्या खोलीवर राहणारा रतन एकटाच आला, तोही हसत.

"मॅडम, तुमचं इंग्रजी कामी आलं. विश्रांतवाडीला तो कामाला आहे त्या रंगाच्या दुकानात थिनरचे डबे आलेत. काहींवर फ्लेमेबल लिहिलंय, काहींवर इनफ्लेमेबल. मालकाला कळेना. समाधाननं बरोबर निवडले. फ्लेमेबल मागच्या शेडमध्ये, इनफ्लेमेबल पुढं, शटरपाशी. शटरला आज वेल्डिंग आहे ना."

बाईंनी झटकन फोन उचलला. नेमका याच शब्दात 'इन' काही उलटं करत नव्हता. फ्लेमेबल म्हणजे पेटणारं आणि इनफ्लेमेबल म्हणजेही पेटणारंच. त्यांना हे चांगलं ठाऊक होतं. नियमाला फाटा फुटला की पोरं गोंधळतात, म्हणून सांगितलं नव्हतं, इतकंच. आता त्यांनी घाईघाईनं समाधानचा नंबर लावला.

फोन समाधाननंच उचलला. मागे कुणीतरी लोखंड आपटत होतं.

"समाधान, नीट ऐक. इनफ्लेमेबल म्हणजे पेटणारं. काम थांबव आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पड."

पलीकडे तो खुदकन हसला.

"मॅडम, 'इन' लागला की उलटं. मी नाही फसत बरं."

"अरे बाळा, ही परीक्षा नाही. देवाशपथ सांगते."

"शपथ तर तुम्ही मागच्या वेळीही घेतली होती," समाधान म्हणाला. मग तोंड फिरवून कुणाला तरी ओरडला, "चालू करा भाऊ, काही होत नाही." फोन बंद झाला.

बाईंनी पुन्हा लावला. पुन्हा लावला. लागेना.

समोरच्या बाकावरून रतन कौतुकानं बघत होता. "बघा मॅडम," तो म्हणाला, "नाहीच फसला."